आई गुत्त्यात बसल्या आहेत

आमच्या सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा पबमध्ये शिरल्या त्या लघवीला जायला. हे वाक्य मी चारचौघांत म्हटलं की नवरा खोकतो. पण दुसरं काही कारण नव्हतंच, तर मी काय करू?

त्या नांदेडहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. आम्ही नेदरलँड्समध्ये लायडस्खेनडामला राहतो, तिथून ट्रॅमने हेगचं मुख्य शहर जवळच आहे. एका शनिवारी नवरा सायकलचं पंक्चर काढत बसला आणि आम्ही दोघी शहर बघायला निघालो. तळं बघितलं. तळ्याकाठची संसद बघितली, म्हणजे तिच्या दुरुस्तीसाठी लावलेले पत्रे आणि क्रेन बघितल्या. सासूबाईंनी पत्र्यांसमोर उभं राहूनही फोटो काढून घेतला, कारण एवढ्या लांब आल्यावर काहीतरी पाठीमागे हवंच. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "मला जायचंय."

या देशाने समुद्र मागे ढकलून जमीन काढली, पण त्या जमिनीवर बायकांनी कुठं जायचं याचा विचार कुणी केला नाही. पुरुषांसाठी रस्त्यावर आडोसे आहेत. बायकांनी घरून जाऊन निघायचं, नाहीतर नशीब. मोठ्या कपड्यांच्या दुकानातलं टॉयलेट साफसफाईसाठी बंद होतं. पुढच्या कॅफेत रांग अशी होती की शेवटची बाई बहुतेक निराश होऊनच घरी गेली असेल. सासूबाई चालायच्या थांबल्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढलेल्या बाईला शरीराच्या मर्यादा बरोबर कळतात. "आता लांबचं दाखवू नको," त्या म्हणाल्या.

समोर गडद हिरव्या रंगाचं एक दुकान होतं. सोनेरी अक्षरं, काचेत पितळी दिवे, दारावर पाटी: शहरातला सगळ्यात जुना पारंपरिक आयरिश पब.

"हे काय आहे?"

"हॉटेल," मी म्हणाले. मराठीत या शब्दात काय वाटेल ते बसतं.

आत अंधार होता आणि लाकूड फार होतं. बारच्या मागे साठीची, पांढऱ्या केसांची एक बाई चष्मा साखळीला लटकवून ग्लास पुसत होती. टॉयलेट फक्त गिऱ्हाइकांसाठी, असं तिने छान हसून सांगितलं. सासूबाई जिन्याने खाली गेल्या आणि मी घाबरून पहिलं जे सुचलं ते मागवलं: चहा.

आता सासूबाईंबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर माझी भीती कळायची नाही. आमचं घर बौद्ध. सासूबाई रोज सकाळी वंदना घेतात आणि पंचशीलातलं पाचवं शील, म्हणजे नशेपासून दूर राहण्याचं, म्हणताना त्यांचा आवाज आपोआप चढतो. तरुणपणी त्यांनी विहारातल्या बायका गोळा करून वस्तीतला दारूचा गुत्ता बंद पाडला होता. निवेदनं देऊन काही होईना, तेव्हा एका दुपारी सगळ्या जणी आत घुसल्या आणि मडकी फोडली. दवाखान्यात पोट फुगलेली माणसं रोज बघितली की निवेदनावर विश्वास उरत नाही, असं त्या म्हणतात. त्यांच्या धाकाने माझ्या नवऱ्याने त्या यायच्या आधी बिअरचं क्रेट उचलून इमारतीच्या तळघरातल्या आमच्या सामानाच्या खोलीत नेलं होतं आणि वर चादर टाकली होती. माणूस आइंडहोवनला चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करतो, हाताखाली दहा इंजिनियर आहेत.

सासूबाई वर आल्या. एवढ्या हलक्या चेहऱ्याने आल्या की त्यांना काही दिसलंच नाही. समोर जाडजूड किटली, दुधाचा मग आणि कप आले होते. त्यांनी चहा ओतला. तो काळाभोर होता. दूध घातल्यावर त्याला विटेचा रंग आला. त्यांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

इथे आल्यापासून त्यांना ज्याने त्याने चहा म्हणून गरम पाण्याचा ग्लास आणि बशीत एक पुडी दिली होती. "पुडी पाण्याला दाखवायची आणि परत द्यायची का?" असं त्यांनी एकदा विचारलंही होतं. नांदेडहून चहाची पावडर आणायची राहिली होती आणि इथे तशी मिळेना.

"हा चहा आहे," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. मग डोळे उघडले. आणि मग त्यांना बारवरच्या तोट्या दिसल्या, मागच्या बाटल्या दिसल्या, शेजारच्या टेबलावरचा काळ्या बिअरचा ग्लास आणि त्यावरचा फेस दिसला.

"हा गुत्ता आहे."

"आई, तसा नाही हा."

"मी याआधी गुत्त्यात एकदाच शिरले होते. तेव्हा हातात केरसुणी होती. मला नको शिकवू."

मी पर्स उचलली. पण त्या उठल्या नाहीत. किटलीत अजून चहा होता. त्या किटलीकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते मला ओठांच्या हालचालीवरून कळत होतं. शेवटी म्हणाल्या, "पिऊ नये असं आहे. बसू नये असं नाही." आणि दुसरा कप ओतला.

तेवढ्यात ती पांढऱ्या केसांची बाई चौकशी करायला आली. मालकीणच होती. मूळची आयर्लंडची, पण या शहरात तिचा उभा जन्म गेला होता. ती सगळ्यांना 'लव्ह' म्हणायची. "ही मला लव का म्हणायलीय?" सासूबाईंनी मला विचारलं. मालकिणीने विचारलं, आई भारतात काय करायच्या? सासूबाई म्हणाल्या, "सांग तिला, मी दारूचा गुत्ता बंद पाडलाय. सांग."

मी सांगितलं की सासूबाई नर्स होत्या, आणि शिवाय मद्यव्यवसायाशीही त्यांचा बराच संबंध आला.

"अरे वा! म्हणजे आपल्याच धंद्यातल्या!" मालकिणीने हात पुढे केला.

दवाखान्याच्या इंग्रजीत बेडपॅन, सलाईन आणि डॉक्टरांच्या शिव्या एवढंच येतं असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. सासूबाईंनी हात हातात घेतला, तसाच धरून ठेवला आणि म्हणाल्या, "नो. आय क्लोज. आय ब्रेक. फिनिश."

मी टेबलाच्या लाकडातल्या रेघा मोजू लागले.  मालकीण खुर्ची ओढून बसली आणि हसायला लागली. तिची आई छातीवर बिल्ला लावायची म्हणे, दारू न पिण्याची शपथ घेतलेल्यांचा. तिच्या गावात निम्मी माणसं पबमध्ये आणि उरलेली बिल्ल्यात. आणि ती स्वतः? "मी थेंबही घेत नाही," ती म्हणाली. "कुणीतरी शुद्धीवर राहून शटर ओढायला नको का?"

सासूबाईंना मी हे सगळं नीट भाषांतर करून सांगितलं. त्यांनी मालकिणीकडे असं बघितलं, जसं दवाखान्यात बदली होऊन आलेल्या नव्या सिस्टरकडे बघतात. कामाची आहे की नाही ते अजून ठरायचं होतं.

मग मालकिणीने आम्हाला तिचं दुकान दाखवलं. इमारत जुनी, डच. पण आतलं सगळं लाकूड आयर्लंडमधून जहाजाने आलेलं, एका बंद पडलेल्या पबचं. म्हणजे परंपरा खोक्यांतून आली आणि इथे नंबर बघून जोडली. छताला एक जुनी सायकल टांगली होती. ज्या देशात सायकली कालव्यातूनही निघतात तिथे ती छताला कशाला टांगायची, हे मला आजही कळलेलं नाही. एका कोपऱ्यात कपाटाएवढी लाकडी खोली होती, आत बाक, दाराला आतून कडी आणि बारकडे उघडणारी छोटी खिडकी. पूर्वी बायकांना बाहेर बसून पिण्याची सोय नव्हती, म्हणून त्या इथं लपून बसायच्या आणि खिडकीतून ग्लास घ्यायच्या, असं मालकिणीने सांगितलं.

सासूबाई आत जाऊन बाकावर बसल्या. खिडकी उघडून बघितली, लावून बघितली. "म्हणजे यांच्यातही बायकांना वेगळंच बसवायचे," त्या म्हणाल्या. त्यांना ती खोली फार आवडली.

घरी येताना ट्रॅममध्ये मी म्हणाले, "आई, घरी याला सांगायचं का?"

"विचारलं तर सांगायचं. खोटं बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण न विचारता सांगायचं असं कुठं आहे?"

पुढच्या बुधवारी मी ॲमस्टरडॅमला, स्लोटरडाइकच्या ऑफिसात होते, तेव्हा त्या एकट्या ट्रॅमने त्या पबमध्ये गेल्या. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता सांगितलं, जणू भाजी आणायला गेल्या होत्या. त्यानंतर दर बुधवारी जातच राहिल्या. दुपारी जायच्या, त्या लाकडी खोलीत बसायच्या, किटलीभर चहा प्यायच्या आणि खिडकीतून गिऱ्हाइकं बघायच्या. "वॉर्डासारखंच आहे," त्या मला म्हणाल्या. "प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि प्रत्येकाला वाटतं आपल्याला काही झालेलं नाही."

नवऱ्याला कळलं ते फोनवर. त्याने आइंडहोवनहून दुपारी सहज फोन केला आणि मागे फिडल, म्हणजे आयरिश थाटाचं व्हायोलिन, वाजत होतं, कुणीतरी टेबलावर ताल धरला होता.

"आई, कुठे आहेस?"

"गुत्त्यात बसलेय. चहा घ्यायलेय. नंतर कर फोन."

त्याने मला फोन केला. "आई गुत्त्यात आहे म्हणते! तिला काही होतंय का? साखर कमी झाली असेल का?" मी म्हणाले, साखर उत्तम आहे, आई खरंच गुत्त्यात बसल्या आहेत.  तो मीटिंग सोडून निघाला. मीही घरून काम करत होते, लॅपटॉप मिटला आणि गेले, कारण हे चुकवणं शक्य नव्हतं.

तो पबमध्ये शिरला तेव्हा त्याच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. सासूबाई खिडकीतून डोकावून म्हणाल्या, "ये. बस. काय घेणार?"

"चहा," तो म्हणाला, एकदम सातवीतल्या मुलासारखा.

"चहा कशाला? बिअर घे की. तळघरात क्रेटवर जी चादर टाकलीस ना, ती माझी आहे. सोलापूरहून आणून मीच तुमच्याबरोबर पाठवलेली. थंडीत शोधत होते मी ती."

नवऱ्याचा चेहरा मी शब्दांत उतरवू शकत नाही आणि त्यावेळी फोटो काढायची माझी हिंमत झाली नाही. मला हसू आवरेना, तेव्हा सासूबाई माझ्याकडे वळल्या. "आणि तुझी वाइन तांदळाच्या डब्यामागे आहे. मी काही आंधळी नाही. तुम्ही मोठी माणसं आहात, तुमचं यकृत तुमच्याजवळ. पण लपवता कशाला? लपवून प्यायला ही खोली आहे की."

त्याने शेवटी चहाच घेतला. आम्ही तिघं त्या कपाटात गुडघ्याला गुडघे लावून बसलो होतो. बाहेर फिडलवाला फार बरं वाजवत होता.

इथपर्यंत सगळी गंमत होती. मग त्या म्हाताऱ्याची भानगड झाली.

छताला टांगलेल्या सायकलीखालच्या टेबलावर एक डच म्हातारा रोज बसायचा. पूर्वी ट्रॅम चालवायचा, बायको गेलेली, मुलगी कुठेतरी लांब. तो पब उघडताना यायचा आणि एकापाठोपाठ एक ग्लास रिकामा करायचा. कुणाला त्रास नाही, आवाज नाही. सासूबाई त्याला 'भाऊ' म्हणायच्या आणि त्याला ते आपलं मराठी नाव वाटायचं. एका दुपारी मी त्यांना घ्यायला गेले होते. म्हातारा उठताना टेबल धरून उभा राहिला, तसं सासूबाईंनी मालकिणीला बोलावलं.

"तिला विचार, याला एवढी का देते?"

मी विचारलं. मालकीण थकलेल्या आवाजात म्हणाली, "मी नाही दिली तर तो घरी बसून एकटा पिईल. इथं निदान पडला तर उचलायला माणूस आहे."

"आमच्या वस्तीतला गुत्तेवाला हेच म्हणायचा," सासूबाई म्हणाल्या. "शब्दन् शब्द हेच. सांग तिला. या वेळी नीट सांग."

मी नीट सांगितलं. मालकिणीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "मग तुम्ही ते दुकान फोडल्यावर ती माणसं कुठे गेली? सोडली त्यांनी?"

सासूबाईंनी कप खाली ठेवला.  मग म्हणाल्या, "नाही. पुलापलीकडच्या गुत्त्यात जायला लागली. पण चालत जावं लागायचं. बायकांना तेवढा वेळ मिळायचा, पोरं जेवून झोपायची. काहींना परत चालत यायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी कमी केली. बाकीचे मेले. मीच त्यांची सलाईनं लावली."

हे मी मालकिणीला सांगितलं. ती बारमागे निघून गेली. सासूबाईंनी कोट घातला आणि आम्ही बाहेर पडलो. त्यानंतर त्या तिकडे गेल्या नाहीत. बुधवार आला आणि गेला. त्या घरी टीव्हीवर डच बातम्या बघत बसायच्या, एक अक्षर न कळता, आणि पुडीचा चहा प्यायच्या.

मग एका सकाळी मला थाप थाप असा आवाज आला. स्वयंपाकघरात सासूबाई धपाटे थापत होत्या. आदल्या दिवशी त्या नवऱ्याला घेऊन भारतीय वंशाच्या सुरिनामी माणसाच्या दुकानात गेल्या होत्या आणि ज्वारीचं पीठ शोधून आणलं होतं. तीळ, लसूण, हिरवी मिरची, सगळा थाट.

"कुणासाठी?"

"भाऊसाठी. तो दिवसभर काही खात नाही. तू बघितलंस का कधी त्याला खाताना? रिकाम्या पोटी ढोसायलाय. मी तिथं बसून चहा प्यायले आणि हे बघत बसले, म्हणजे मी कसली नर्स?"

त्या दिवशी मीही सोबत गेले. सासूबाईंनी डबा उघडून म्हाताऱ्यासमोर ठेवला. बाहेरचं खाणं आणायला मनाई आहे अशी पाटी मालकिणीच्या डोक्यावरच लागली होती. तिने पाटीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि एक रिकामी बशी आणून दिली. म्हाताऱ्याने धपाट्याचा तुकडा तोडून तोंडात घातला. त्याचे कान लाल झाले. "पॅनकेक आहे," तो डचमध्ये म्हणाला, "पण रागावलेला." आणि दुसरा तुकडा तोडला.

 थोड्या वेळाने मालकिणीने न मागता किटली आणून ठेवली.

त्यानंतर धपाट्यांचा रतीबच सुरू झाला. मालकिणीनेही म्हाताऱ्याला सूप घेतल्याशिवाय पुढचा ग्लास द्यायचा नाही असा नियम केला. तो कुरकुरायचा आणि सूप प्यायचा. दारू सुटली का? अजिबात नाही. मालकीण म्हणायची थोडी कमी झाली आहे, पण ती विकणारी, तिचं काय धरायचं.

आनंदाच्या भरात मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं, तर तो आईकडे बघून म्हणाला, "आई, म्हणजे तू चखणा पुरवतेयस."

सासूबाईंच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. हा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता. दोन दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "चखणा तर चखणा. पोटात तर जातंय," आणि तिखट थोडं वाढवलं.

परत जायच्या आधीच्या बुधवारी मी सुट्टी घेतली. सासूबाईंनी पांढरी साडी नेसली, कार्यक्रमाला नेसतात ती. पिशवीत शाल आणि वाटेत घेतलेलं गुलाबाचं फूल. पबमध्ये पोचल्यावर त्यांनी मालकिणीला बारच्या बाहेर बोलावून उभं केलं, तिच्या खांद्यांवर शाल घातली, हातात फूल दिलं आणि मला म्हणाल्या, "दोन शब्द बोलते, सांग सगळ्यांना." मी फिडलवाल्याला थांबवलं. दुपारच्या वेळी ग्लास हातात धरून बसलेल्या सात-आठ माणसांसमोर दारूबंदीच्या एका जुन्या कार्यकर्तीने पबमालकिणीचा जाहीर सत्कार केला. भाषण असं होतं: "ही बाई चांगली आहे. हिचा धंदा वाईट आहे. मी हे दोन्ही तिच्या तोंडावर सांगितलं आणि तिने मला चहा दिला."

मी जसंच्या तसं भाषांतर केलं. टाळ्या पडल्या. म्हातारा ट्रॅमवाला उभा राहिला, टेबल न धरता की धरून ते मध्ये उभ्या माणसांमुळे मला दिसलं नाही. मालकिणीने शालीचं टोक डोळ्यांना लावलं आणि मग शिव्या देत नाक शिंकरलं.

मागच्या आठवड्यात सासूबाईंचा फोन आला होता. त्यांनी विहाराच्या मागची रिकामी खोली संध्याकाळी पुरुषांसाठी उघडी ठेवावी असा प्रस्ताव महिला मंडळापुढे मांडला. बाक ठेवायचे, कॅरम ठेवायचा. माणसं गुत्त्यात निम्मी दारूसाठी जातात आणि निम्मी बसायला जागा नसते म्हणून, हे आपण परदेशात डोळ्यांनी बघून आलोय, असं त्यांनी सांगितलं.

"मग? काय ठरलं?"

"काय ठरतंय! एक जण म्हणाली, दिवसभर राबून आम्हाला बसायला जागा कुठाय? आधी बायकांसाठी खोली उघडा. सगळ्यांनी तिच्याच बाजूने हात वर केले."

"मग तुम्ही?"

"मी काय, मीसुद्धा केला. खरंच होतं तिचं," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या बैठकीत पुन्हा विषय काढणार आहे. ठेव आता, कुकरची शिट्टी झाली."